चपला

बॉथेल, वॉशिंग्टन
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

आठ महिने तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. कारणं सांगत बसत नाही. आम्ही सगळे बरे, ह्यांची शुगर गोळ्यांवर, माझा गुडघा आहे तसाच. आज बसलेच लिहायला, कारण काल नाना आठवले. आणि नानांचं तुझ्याशिवाय बोलू कुणाशी?

मी नोकरी धरली आहे. घराजवळ म्हाताऱ्या माणसांचं असिस्टेड लिव्हिंग आहे, तिथे केअरगिव्हर म्हणून. अनुभव नसला तरी घेतात आणि शिकवतातही तेच, एक पैसा न घेता. ह्या राज्यात ७५ तासांचं शिक्षण लागतं, मग परीक्षा, बोटांचे ठसे सगळं. वर्गात इथिओपियाच्या, केनियाच्या, फिलिपिन्सच्या बायका आहेत. चिरंजीव म्हणाले, "आई, लोकांचं हगणं-मुतणं काढायची तुला काय गरज?" मी विचारलं, तुझ्या पणजीचं कोण काढत होतं? तेव्हापासून गप्प आहे.

काल सीपीआरचा दिवस होता, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास द्यायला शिकायचा. जमिनीवर रबरी बाहुली, तिच्याशेजारी गुडघे टेकायचे. छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि निदान दोन इंच खोल दाबायचं. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. मिनिटाला १०० ते १२० दाब. तीस दाब, मग दोन श्वास, की पुन्हा तीस. बाकीच्या आपापली गाणी गुणगुणत होत्या, मी आरतीच्या शेवटच्या टाळ्या धरल्या. तुझ्या टाळाची लय गं! तुझ्यामुळे वाड्यातली आरती कायम पुढे पळायची आणि गुरुजी मागे राहायचे. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुझी लय अगदी बरोबर आहे, कुठे शिकलीस? मी म्हटलं, वाईला.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं. हृदय बंद पडलं आणि कुणी छाती दाबली नाही, तर माणूस वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. माझे हात बाहुलीवरच राहिले. मी तिथेच नाना गेले त्या दिवसाचा हिशोब केला, सुमे. तू ज्यांना बोलवायला धावलीस ते डॉक्टर पुलापलीकडून स्कूटरवर आले तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. चपला पायात सरकवायला किती लागतात, पाच सेकंद? तू अनवाणी पळाली असतीस, उडत गेली असतीस, तरी काही फरक पडला नसता.

बाराव्याच्या दिवशी, माजघरात, सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणाले होते, "तू चपला घालायला थांबलीस." सतरा वर्षांच्या होतो आपण. तू सहा महिने बोलली नाहीस. गणपतीत मोदक वळताना आपोआप बोलायला लागलीस, पण तो विषय आपण दोघींनी पुन्हा काढला नाही. १९९१ पासून आजवर. मी तो शब्द मागे घेतलाच नाही कधी. आज घेते. मला माफ कर.

जे करायचं होतं ते त्या खोलीत करायचं होतं, आणि खोलीत मी होते. आईने नाकाशी कांदा धरला, काका तळपाय चोळत होते, आणि मी चमच्याने तोंडात पाणी घालत होते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे तर इथे पहिल्याच दिवशी सांगितलं. वर्ग सुटल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, रडत. त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा तुला कुणी शिकवलं होतं का?" नव्हतं शिकवलं. आपल्यातल्या कुणालाच नव्हतं.

आता खरी काळजी वेगळीच आहे. इथे पुष्कळ म्हातारी माणसं डॉक्टरांबरोबर बसून एक हिरवा कागद भरून ठेवतात: माझं हृदय थांबलं तर छाती दाबायची की नाही. कागद नसेल तर ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन आणि लगेच दाबायला सुरुवात. कागदावर 'नको' असेल तर हात लावायचा नाही. नर्सला हाक मारायची आणि जवळ बसायचं. मी ज्यांच्याकडे जाणार आहे त्यातल्या एक आजी एक्याण्णव वर्षांच्या आहेत, त्यांचा 'नको' आहे. मला ते पटतं गं. त्या वयात बरगड्या मोडतात, आणि त्यांना शांतपणे जायचंय. पण ज्या हातांना इतकी वर्षं काही येत नव्हतं, त्यांना आत्ता कुठे यायला लागलंय, आणि ते मी मांडीवर ठेवून बसायचं? जमेल मला? नानांनी त्या कागदावर काय लिहिलं असतं? ते बावन्न वर्षांचे होते. मी त्यांच्यापेक्षा फक्त एका वर्षाने लहान आहे आज. काल रात्री हे ह्यांना बोलले, तर म्हणाले, झोप आता. तू मला खरं सांगशील, म्हणून तुला विचारते.

पाकिटात जागा संपली. मुलीचं ठरलं ते वाचून फार आनंद झाला, तारीख कळव. सासूबाईंना पक्षाघात झाल्याचं ताईकडून कळलं. एक शिकले ते लगेच करून बघ: ब्लाउज घालताना लुळा हात आधी बाहीत घाल, काढताना धड हात आधी काढ. त्यांनाही दुखणार नाही आणि तुझी पाठही वाचेल. झोपल्या असतील तर दर दोन तासांनी कूस बदलत जा, आणि टाच गादीला टेकू देऊ नकोस, पोटरीखाली उशी ठेव. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, तिथूनच सुरू होतो. तीन वर्षं तू हे सगळं एकटी करते आहेस, आणि मी साधं पत्र टाकलं नाही.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. चपलांचं काय ते लिही. फोनवर नको, लिहूनच.

तुझीच,
बेबी