पाळी गेल्यावरचा रक्तस्राव अंगावर काढू नका

आईची पाळी थांबून नऊ वर्षे झाली होती. पुन्हा रक्त जाऊ लागले, तर ‘उष्णता असेल’ म्हणून तिने चार महिने अंगावर काढले. निघाला अंडाशयाचा दुर्मीळ ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. ही गाठ इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवते, त्याने गर्भाशयाचे अस्तर वाढून रक्तस्राव होतो. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी सूक्ष्मदर्शकातून मला पेशींची केंद्रके दाखवली; कॉफीच्या बीसारखी, मधोमध खाच असलेली. शंका राहिल्यास इनहिबिन या प्रथिनाची तपासणी करतात, २००९ मध्ये उजेडात आलेला फॉक्सएल-टू जनुकातला बदलही शोधतात.

हा आजार वीस वर्षांनीही उलटू शकतो. म्हणजे ताडून पाहायला जुने नमुने लागणारच! तरी गाठीचे तुकडे ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मिळवायला आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या. रुग्णालयांनी ते मागताक्षणी द्यावेत.

– एक वाचक, सातारा