शनिवार-रविवारची चौकट शुक्रवारी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ‘दोन दिवसांची सुट्टी कुठे घालवाल?’ या धर्तीचा लेख वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर, अलिबाग, काशीद, आणि अलीकडे दापोली. ठिकाणं सगळी चांगली, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण शनिवारी सकाळी कांदिवलीहून गाडी काढलेला माणूस खालापूरच्या टोलनाक्याला किती वाजता लागतो आणि तिथून घाट चढून वर किती वाजता जातो, हे लेख लिहिणाऱ्याने एकदा स्वतः अनुभवावं. दोन दिवसांतला एक रस्त्यावरच जातो. उरलेल्या दिवसात मक्याचं कणीस खायचं, चिक्की घ्यायची आणि परत त्याच रांगेत येऊन उभं राहायचं.

मी बेस्टमध्ये स्टार्टर होतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, बस चौकीच्या खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली आणि उशीर झाला तर का झाला, याची नोंद ठेवणारा तो स्टार्टर. निवृत्त झालो तरी घड्याळ सुटलेलं नाही. त्यामुळे घरात सहलीचं नाव निघालं की कागद-पेन्सिल माझ्यासमोर येते. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन दिवसांची सहल मुंबईतच होते आणि उत्तम होते. फक्त त्यासाठी लागणारी माहिती पाच ठिकाणी विखुरलेली आहे, आणि ती गोळा करण्याचं काम वर्तमानपत्राइतकं सोपं दुसऱ्या कोणाला नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलाला आणि सुनेला जोडून सुट्टी मिळाली ती नेमकी शनिवार-रविवारची. मी मुंबईचा विषय काढल्यावर सूनबाई म्हणाली, “बाबा, संध्याकाळी घरी येऊन मलाच कुकर लावायचा असेल तर त्याला सहल म्हणू नका.” मुद्दा बिनतोड होता. हॉटेलांचे शनिवारचे दर पाहून मी मोबाइल बंद केला. मग आमच्या सौभाग्यवतींना आठवलं की माझे साडू गावी गेलेत आणि त्यांच्या गिरगावातल्या खोलीची किल्ली शेजारी आहे. एक फोन, आणि मुक्काम ठरला. प्रत्येकाला असे साडू नसतात हे मान्य. पण या शहरात उपनगरातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी गिरगाव, परळ, लालबाग नाहीतर दादरला राहतंच, आणि आपण त्यांच्याकडे लग्नाची पत्रिका द्यायला सोडून जात नाही.

मुक्काम दक्षिण मुंबईत पडला तो पैसे वाचवण्यासाठी, पण त्याचा खरा फायदा म्हणजे लोकलच्या रविवारच्या मेगाब्लॉकपासून सुटका. मध्य, हार्बर आणि पश्चिम, या तिन्हींपैकी निदान एका मार्गावर तरी रविवारी भर दुपारचे चार-पाच तास दुरुस्तीचे. दादरच्या पुलावर पोरं कडेवर घेऊन उद्घोषणा ऐकत उभी असलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. ती बहुधा राणीच्या बागेला निघालेली असतात आणि मामाच्या घरी पोहोचतात. म्हणून आमचा पहिला नियम असा केला की शनिवारी सकाळच्या लोकलने चर्चगेटला उतरायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत लोकलचं तोंड बघायचं नाही. मधलं सगळं बसने, पायी, आणि अगदीच सौंची पावलं जड झाली तर टॅक्सीने.

दुसरा घोळ साप्ताहिक सुट्ट्यांचा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, म्हणजे पर्यायाने त्यातली कान्हेरीची लेणीही, सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. नुसत्या शनिवार-रविवारी याचा त्रास नाही. पण सोमवारची सरकारी सुट्टी जोडून आली की लोक शनिवारी झोप काढतात, रविवारी मॉल करतात आणि ‘मोठी सहल’ सोमवारवर ठेवतात. मग सोमवारी गेटवेला जाऊन कळतं की आज लेणी नाहीत. तीन दिवसांची सुट्टी असेल तर घारापुरी किंवा कान्हेरी पहिल्या दिवशीच उरकावी, हे एक वाक्य आपण छापलंत तरी पुष्कळांचे शिव्याशाप वाचतील.

आम्ही घारापुरी शनिवारीच धरली. रविवारच्या मानाने गर्दी कमी, आणि सकाळच्या पहिल्या बोटींत बसलं की ऊन चढायच्या आत वर जाता येतं. बोटीला तासभर लागतो. लाइफ जॅकेट घालायला सांगतात ते घालावं, फोटो नंतर काढावेत. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात प्रवासी बोट बुडाली ते विसरायला नको. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, नातवाला लेण्यांपेक्षा तीच जास्त आवडली. पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी घाई करू नये, दोन्ही बाजूंना दुकानं असल्यामुळे थांबायला निमित्त मिळतं. वरच्या मुख्य लेण्यात ती तीन मुखांची सुमारे वीस फुटी मूर्ती आहे. तिच्यासमोर आमचा मुलगा, जो आयटीत असल्यामुळे कशासमोरही गप्प बसत नाही, तो बराच वेळ गप्प होता. या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि बेटावर मुख्य भूमीवरून वीज पोहोचायला मात्र २०१८ उजाडलं.

दुपारी परत येऊन, गिरगावात मिसळ खाऊन आणि थोडं पडून संध्याकाळी आम्ही पुन्हा फोर्टात गेलो. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहावं. एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार दगडी. दुसऱ्या बाजूला गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. बोरीबंदर, म्हणजे आताचं सीएसएमटी स्टेशन, २००४ पासूनच त्या यादीत आहे. बोटीचा तास सोडला तर तीन जागतिक वारसास्थळं एका शनिवारात होतात, आणि त्यासाठी ना टोल, ना घाट. तिथून मी हट्टाने सगळ्यांना डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर नेलं. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या, त्याचं दुःख मी घरात पुरेसं वाजवलेलं आहे. पण विजेवरच्या नव्या गाडीची वरची पुढची सीट मिळाली तर शहर तितकंच चांगलं दिसतं. वातानुकूलित बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये सहाचं बारा रुपये झालं, तरी बारा रुपयांत एवढी खिडकी दुसरीकडे मिळत नाही.

आता मुद्दा भरती-ओहोटीचा, आणि तो तुमच्यासाठी महत्त्वाचा. रविवारी सकाळी नातवाला शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो दाखवायचे होते. ते बघायला घड्याळ नाही, पाणी बघून जावं लागतं. पूर्ण भरतीला चिखल बुडालेला असतो आणि पक्षी उठून गेलेले असतात. पाणी उतरायला लागलं, चिखल उघडा पडला, की ते खाण्यासाठी पसरतात. हाजी अलीची वाटही भरतीला पाण्याखाली जाते, आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीच हवी. ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणजे शनिवारची वेळ रविवारी चालत नाही.

माझ्या डेपोत वेसाव्याचा एक कंडक्टर होता, कोळी. त्याने मला एक हिशेब शिकवला होता, जो कोकणात पुष्कळांना पाठ आहे. तिथीला पाऊण पट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पहाटे किंवा सकाळी आणि तशीच पुन्हा दुपारी किंवा रात्री. पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब नाही, पण सहलीला पुरतो. आमच्या त्या रविवारी एकादशी होती, म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमारास. सौ. उपासाची साबुदाण्याची खिचडी सावकाश करत होती तोवर पाणी उतरू दिलं आणि अकराच्या आत-बाहेर शिवडी गाठली. पक्षी लांब होते. साडूंच्या कपाटातल्या दुर्बिणीचं एक भिंग धुकट निघालं, तरी नातवाने ती कोणाला दिली नाही.

तिथून राणीची बाग जवळ. पेंग्विनची रांग मोठी होती, ती मुलाने आणि नातवाने लावली. मी बाकीच्यांना घेऊन भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेरच्या दगडी हत्तीपाशी गेलो. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि तुकडे सांधून पुढे भायखळ्याला उभा केला. आदल्या दिवशी बेट पाहून आलेल्या माणसाला हा हत्ती वेगळाच दिसतो. हजारो लोक त्याच्या बाजूने पेंग्विनकडे धावतात. आपल्या पुरवणीने या दोन ठिकाणांची जोडी लावून दिली तर शाळकरी मुलांच्या आईबापांना आयता विषय मिळेल.

संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक आणि दादरहून लोकलने घर. तोवर ब्लॉक उठलेला होता.

आता तुमच्याकडे मागणं. हे सगळं जुळवायला मला किती उठाठेव करावी लागली बघा. मेगाब्लॉक तुम्ही छापता, पण शनिवारी किंवा थेट रविवारी, आतल्या पानावर, जाहिरातीखाली. तोवर लोकांचे बेत ठरलेले असतात. भरतीची वेळ तुम्ही फक्त पावसाळ्यात छापता, पाणी साडेचार मीटरच्या वर चढणार असलं की, म्हणजे घाबरवायला. हिवाळ्यात तीच वेळ कामाची असते तेव्हा ती नसते. मलबार हिलचा झाडांवरचा लाकडी रस्ता मार्च २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या पानावर रंगीत फोटो आला, पण तिथे जायचं तर आधी ऑनलाइन वेळ नोंदवावी लागते हे वाचायला डोळे बारीक करावे लागले. रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट असतं, मध्य आणि पश्चिम दोन्हींवर चालतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते सोन्यासारखं, पण खिडकीवर नाव घेऊन मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. स्वच्छतागृह कुठे आहे, हे तर कोणीच छापत नाही. वयस्क बायका घरातून निघताना पाणी न पिता का निघतात, याचं उत्तर तिथे आहे.

बसचे क्रमांक मी मुद्दाम लिहिलेले नाहीत. हल्ली मार्ग इतके बदलतात की माझ्यासारख्या माणसानेही नंबर छातीठोकपणे सांगू नये. म्हणूनच हे काम पुस्तकाचं किंवा वार्षिक अंकाचं नाही, दर आठवड्याचं आहे.

नाटकांच्या जाहिराती तुम्ही वर्षानुवर्षं छापता. नाट्यगृह, वार, वेळ, सगळं बोटभर जागेत, आणि रसिक बरोबर पोहोचतात. पंचांगही रोज छापता. तेवढीच एक चौकट शुक्रवारी द्या. रविवारी कुठला मार्ग बंद, दोन्ही दिवशी भरती-ओहोटी कधी, कुठलं ठिकाण सुट्टीवर, कुठे आधी नोंदणी लागते, बोटी चालू आहेत की नाहीत. पावसाळ्यात गेटवेच्या आणि मांडव्याच्या बोटींचा भरवसा नसतो, तेव्हा तर हे हवंच. लेख नको, छायाचित्रं नकोत. ज्यांना महाबळेश्वरला जायचं ते जातील, त्यांच्यासाठी पुरवणी आहेच.

सुरुवातीला कोणी करायला तयार नसेल तर गुरुवारी दुपारी मी मोकळा असतो. कागद-पेन्सिल घरची आणीन.

आपला,
एक निवृत्त स्टार्टर
चारकोप, कांदिवली (पश्चिम)

ता. क. : आपल्या मागच्या पुरवणीत घारापुरी ‘मुंबई शहर जिल्हा’ या मथळ्याखाली होती. ती रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. बोट मुंबईतून सुटते एवढंच.