व्यसनमुक्तीसाठी झटणाऱ्यांचीही दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमली पदार्थांच्या साठ्यावर छापा पडला की त्याची बातमी ठळकपणे छापून येते आणि ती यायलाच हवी. परंतु त्या पदार्थांच्या आहारी गेलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्यासाठी जी मंडळी वर्षानुवर्षे झटत आहेत, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचे, म्हणजे ब्राऊन शुगर या अशुद्ध हेरॉइनचे, व्यसन पसरले, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. आपल्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९९१ मध्ये व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या ‘परिवर्तन’ संस्थेची स्थापना केली. २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली, तरी ते काम थांबले नाही, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि त्यांचे सहकारी ते पुढे नेत आहेत, याचा सातारकर म्हणून मला अभिमान वाटतो.

गर्दच्या जोडीला आता अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही आल्या आहेत. अमेरिकेत १९९६ नंतर अशाच गोळ्यांच्या बेसुमार वापरातून सुरू झालेली व्यसनाची साथ पुढे हेरॉइन आणि त्याहून कितीतरी तीव्र अशा फेंटानिलपर्यंत गेली. आपल्याकडे ट्रामाडॉल ही अशीच गोळी २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले, तरी मागणी संपली नाही. माझ्या औषध दुकानात एक तरुण चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन येत असे. घड्या घालून घालून तिच्यावरची तारीख पार पुसली गेली होती. गोळी नाकारली की तो गयावया करी; नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असे, अंगाला घाम सुटलेला असे. त्याला उपचारापर्यंत नेले ते एका समुपदेशकाने, जो स्वतः कधीकाळी गर्द ओढत होता. त्याने उपदेशाचा एक शब्दही उच्चारला नाही, “टर्की कधी सुरू झाली?” (टर्की म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास) एवढेच विचारले आणि तो मुलगा प्रथमच मान वर करून बोलू लागला.

अशा कार्यकर्त्यांचे खरे काम रुग्ण घरी गेल्यावर सुरू होते. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी पाय घसरून पूर्वीचीच मात्रा घेतली गेली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणूनच रुग्णाच्या संपर्कात राहणे आणि आईवडिलांना, पत्नीला धीर देणे हा उपचाराचाच भाग आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात अफूजन्य पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. एवढा भार मूठभर स्वयंसेवी संस्थांनी देणग्यांवर वाहावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

सातारा आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत ब्युप्रेनॉर्फिनचे (अफूजन्य नशेची ओढ व त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाचे) उपचार नियमित मिळावेत, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवर उतारा असलेले नालोक्सोनचे इंजेक्शन हाताशी असावे आणि समुपदेशकांचे मानधन वेळेवर मिळावे, अशी माझी लोकप्रतिनिधींना विनंती आहे. आपल्या दैनिकानेही छाप्याच्या प्रत्येक बातमीखाली १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतक्रमांक चौकटीत छापावा.

आपला नम्र,
एक निवृत्त औषध विक्रेता, सातारा