छातीत किती धूळ गेली, हे कामगाराला कळू द्या

मा. केंद्रीय कोळसा मंत्री यांस,
स.न.वि.वि.

घुग्घुस-वणीच्या कोळसाखाण पट्ट्यात पाळी सुटली की कामगार आधी नळावर जाऊन नाक शिंकरतो. पाणी काळं पडतं. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा झटकतो, तोच उद्या पुन्हा बांधतो. त्यानं डोळ्यांना दिसणारी धूळ अडते. फुप्फुसाच्या तळाशी बसणारे चार-पाच मायक्रॉनचे आणि त्याहून बारीक कण आरपार जातात. आणि चांगला मास्क दिला तरी मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, ड्रिलवर तो पूर्ण पाळीभर लावून राहणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

नुसत्या कोळशाच्या धुळीनंही फुप्फुस निकामी होतं, हे ब्रिटनच्या भरपाई योजनेत यायला १९४३ उजाडलं. तोवर सगळा दोष दगडातल्या सिलिकाच्या धुळीचा मानला जाई. अमेरिकेत नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियाच्या सुमारे ४० हजार कामगारांनी काम बंद पाडलं. मागणी पगाराची नव्हती, ‘ब्लॅक लंग’च्या, म्हणजे कोळशाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या, भरपाईची होती. वर्षअखेर केंद्रीय कायदा झाला. घनमीटर हवेत आधी ३ मिलिग्रॅम, १९७२ च्या अखेरीपासून २, आणि २०१६ पासून दीड मिलिग्रॅम, एवढीच धूळ चालेल असं ठरलं. त्या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: धूळ उठते तिथंच ती पाण्यानं आणि खेळत्या हवेनं मारायची, मास्क हा त्याला पर्याय धरायचा नाही.

एवढं करूनही २०१३ ते २०१७ या काळात व्हर्जिनियातल्या तीन दवाखान्यांत या आजाराची शेवटची अवस्था गाठलेले ४१६ खाणकामगार आढळले. कोळशाचे थर पातळ झाल्यानं यंत्रं कोळशासोबत दगडही कापत होती. तिथं आता सर्वाधिक धुळीच्या जागी काम करणाऱ्याच्या अंगावरच धूळ मोजणारा मापक असतो; पाळी चालू असतानाच त्याला आकडा दिसतो.

आमचं मागणं तेवढंच आहे. मापक कामगाराच्या अंगावर द्या, पाळीचा आकडा हजेरीच्या खिडकीशी मराठीत आणि हिंदीत लावा. कंत्राटी डंपरचालक, क्रशरवरचे मजूर यांनाही त्यात धरा; धूळ हजेरीपट बघून छातीत जात नाही. एक्स-रेची प्रत कामगाराच्या हातात द्या. माझ्या वडिलांना नोकरीभर ती कधी मिळाली नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर दम लागू लागला तेव्हा डॉक्टरांना दाखवायला जुनं काहीच नव्हतं.

नागपुरात खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली. खाणी इथं आहेत, आजारी माणसं इथं आहेत. तपासणीचं पूर्ण अधिकाराचं केंद्र चंद्रपुरात द्यावं, ही विनंती.

आपली,
एका खाणकामगाराची मुलगी, घुग्घुस