यादीची पाने गेली आणि अंकही गेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरी नियतकालिकांवरील रविवार पुरवणीतील लेखात लंडनच्या ‘टाइम आउट’ची बोळवण खाणेपिणे आणि फॅशनचे चकचकीत साप्ताहिक एवढ्यावर झाली आहे. चकचकीतपणा त्याला फार उशिरा आला. त्याची खरी कमाई होती बारीक टायपातली कार्यक्रमांची यादी. मराठी दैनिकांनी त्याच्याकडून काही उचलायचे असेल तर ते हेच, म्हणून हा पत्रप्रपंच.

टोनी एलियट हा कील विद्यापीठाचा विद्यार्थी. वाढदिवसाला मिळालेल्या ७० पौंडांच्या भांडवलावर त्याने १९६८ च्या ऑगस्टमध्ये पहिला अंक काढला. अंक म्हणजे घडी घातलेला एक मोठा कागद, प्रती ५,०००. तोवर लंडनमध्ये याद्या नव्हत्या असे नाही. ‘व्हॉट्स ऑन’ होते, पण त्याचा ओढा वेस्ट एंडच्या प्रस्थापित नाटकांकडे. ‘इंटरनॅशनल टाइम्स’ या बंडखोर पत्रात नव्या मैफलींची दखल असे, पण यादी कशीतरी उरकलेली. एलियटने बड्या नाट्यगृहाच्या शेजारी पबच्या माडीवरचा प्रयोग आणून बसवला आणि मोर्चे-निदर्शनांना ‘ॲजिटप्रॉप’ असे वेगळे सदर दिले. १९७१ मध्ये साप्ताहिक झाल्यावरही नोंद छापायला पैसे पडत नसत. जाहिरात देणारा आणि न देणारा एकाच टायपात, हीच त्यातली मेख.

यादीची किंमत किती, हे पुढच्या दोन भांडणांत दिसले. १९८१ पर्यंत तिथे सर्वांना सारखा पगार होता. एलियटने ती पद्धत मोडायचे ठरवताच संप झाला आणि बाहेर पडलेल्यांनी ‘सिटी लिमिट्स’ हे यादीचेच दुसरे साप्ताहिक काढले. ते १९९३ पर्यंत चालले. दुसरे भांडण दूरचित्रवाणीच्या तक्त्याचे. आठवडाभराचे कार्यक्रम छापण्याचा हक्क बीबीसीचे ‘रेडिओ टाइम्स’ आणि आयटीव्हीचे ‘टीव्ही टाइम्स’ यांनी आपापल्या वाहिन्यांपुरता राखला होता. ‘टाइम आउट’ने ते छापले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये निकाल विरोधात लागला. मक्तेदारी सुटली ती थेट १९९१ च्या मार्चमध्ये, कायदा बदलल्यावर.

२०१२ मध्ये लंडन आवृत्ती फुकट झाली. सुमारे ५५,००० वरचा खप तीन लाखांपलीकडे गेला. दर मंगळवारी ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्थानकांबाहेर गठ्ठे येत. आमच्या मते घसरण इथेच सुरू झाली. फुकट अंकाचा सगळा भार जाहिरातीवर. यादीचे पान जाहिरात ओढत नाही आणि माणसांचा वेळ मात्र खाते. साहजिकच पूर्ण यादी जाऊन ‘या आठवड्यात हे करा’ छापाची निवड आली. ती तर कोणत्याही फोनवर मिळते. टाळेबंदीत बाहेर जाण्याजोगे काही उरले नाही, आणि २०२२ च्या जूनमध्ये लंडनचा शेवटचा छापील अंक निघाला.

मुंबईत याची आवृत्ती २००४ मध्ये सुरू झाली, इंग्रजीत आणि पाक्षिक. पाक्षिकाला कार्यक्रम तीन आठवडे आधी पक्का लागतो. आपल्याकडे नाट्यगृहाच्या तारखा काही महिने आधी वाटल्या जातात खऱ्या, पण त्या तारखेला कोणते नाटक लावायचे हे निर्माता ऐनवेळी बदलतो. त्यामुळे मराठी रंगभूमीची खरी यादी दैनिकातली नाटकांच्या जाहिरातींची पानेच राहिली. ती चोख असतात, कारण चूक झाली तर तिकीटबारीवर फटका बसतो. मात्र तिथे जागा खिशाप्रमाणे मिळते. प्रायोगिक नाटक, ग्रंथालयातले व्याख्यान, चित्रप्रदर्शन यांच्या वाट्याला ‘आजचे कार्यक्रम’ हा एक रकाना उरतो, आणि तो सगळीकडे सर्वांत नवख्या उपसंपादकाच्या गळ्यात पडतो.

या रकान्यातल्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, ‘उद्या’. आयोजकाचे पत्रक व्हॉट्सॲपवर येते, त्यात ‘उद्या सायंकाळी’ असते. ते जसेच्या तसे दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापले की वाचक एक दिवस उशिरा पोहोचतो. पत्रकातला ‘आज’ आणि ‘उद्या’ हातात येताक्षणी खोडून वार-तारीख घालावी. दुसरी, वार आणि तारखेचा मेळ. गेल्या वर्षीचेच पत्रक पुन्हा वापरतात. तारीख बदलतात, वार तसाच राहतो. दिनदर्शिका शेजारी ठेवून मेळ बघितला तर अशा बऱ्याच चुका फोन न करताही सापडतात.

तिसरी चूक स्थळाची. नुसते ‘यशवंत’ म्हटले तर माटुंग्याचे नाट्यमंदिर, नरिमन पॉइंटचे यशवंतराव चव्हाण सेंटर की कोथरूडचे नाट्यगृह? सेंटरमध्येही मुख्य सभागृह वेगळे, ‘रंगस्वर’ वेगळे. ‘दीनानाथ’ पार्ल्यातही आहे आणि पणजीच्या कला अकादमीतही. यासाठी स्थळांची एक वही हवी: पूर्ण नाव, सभागृह, मजला, जवळचे स्थानक, तिकीटखिडकीचा फोन. एकदा केली की वर्षातून दोनदा तपासली तरी पुरते.

नोंद पंचवीस-तीस शब्दांत बसते. क्रम असा ठेवावा: वार-तारीख, वेळ, कार्यक्रम, कलाकार, स्थळ, प्रवेश, फोन. वेळ ‘सायंकाळी’ नव्हे, ६.३०. ‘प्रवेश विनामूल्य’ लिहिण्याआधी प्रवेशिका लागते का आणि किती रांगा राखीव आहेत, हे विचारावे. दारातून परत जाणारा वाचक आयोजकाला नव्हे, पेपरला नावे ठेवतो. खातरजमेचा फोन आयोजकाला करण्याआधी सभागृहाला करावा. आयोजक कार्यक्रम होणार असेच सांगतो. आरक्षण रद्द झाल्याचे खिडकीवरच्या माणसाला आधी कळते. वीस नोंदींना एका माणसाचा तासभर लागतो. नोंदी आदल्या दिवशी दुपारी चारला बंद कराव्यात, म्हणजे पान लागण्याआधी हा तास मिळतो.

रकान्याच्या तळाशी दोन ओळी राखून ठेवाव्यात. ऐनवेळी रद्द झालेला प्रयोग तिथे जाईल. तसे काही नसेल त्या दिवशी तिथे कालच्या नोंदीतली दुरुस्ती छापावी.

आपले,
नियतकालिकांच्या संपादन-मांडणीच्या कामातील काही वाचक, पुणे