विमानतळावरची बस : प्रागहून बाबांना पत्र

तीर्थरूप बाबा यांस,
वैशालीचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दादाचे इकडे येण्याचे नक्की झाल्यापासून विमानतळावरून टॅक्सी करावी लागेल काय, हे तो सारखे विचारीत आहे. तुम्हीही फोनवर इथल्या बसविषयी इतके खोदून विचारलेत, की सगळे एकदाच नीट लिहून काढावे असे वाटले. टॅक्सीची काहीही गरज नाही. वाक्लाव हावेल विमानतळाच्या दारातूनच ५९ क्रमांकाची बस सुटते. ती शहराच्या अलीकडे नाद्राझी वेलेस्लावीन या स्थानकापर्यंत येते आणि तिथून ‘ए’ मार्गाची, म्हणजे हिरव्या रेघेची, मेट्रो थेट मुख्य बाजारपेठेत आणून सोडते.

या मार्गावर पूर्वी ११९ क्रमांकाची डिझेलची जोडबस होती. मार्च २०२४ पासून तिच्या जागी वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस आली. तिला तीन डबे असून लांबी सुमारे २४ मीटर आहे, म्हणजे आपल्या आर्वी आगारातल्या दोन लालपऱ्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या होतील तेवढी ही एकटी. पुलगावला रेल्वेच्या रुळावर एकच तार दिसते आणि इथे दोन का, असे तुम्ही विचाराल म्हणून सांगते. रेल्वेत वीज रुळांतून परत जाते; रबरी टायरच्या गाडीला ती वाट नसल्यामुळे परतीची वेगळी तार लागते. तारा मात्र सबंध रस्ताभर नाहीत. त्या आहेत तिथे गाडी चालता चालता बॅटरी भरून घेते, आणि तारा संपल्या की टपावरचे दोन्ही दांडे खाली घेऊन त्याच बॅटरीवर पुढे जाते.

आता तुमच्या खात्याची, म्हणजे एसटीतल्या वाहकाच्या कामाची, गोष्ट. एवढ्या मोठ्या गाडीत वाहक नाही. प्रवासी वाटेल त्या दाराने चढतात, चालक स्वतःच दारे बंद करून गाडी हलवतो, कोणी डबल बेल देत नाही आणि वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरण्याचा प्रश्नच येत नाही. तिकीट अगोदर काढायचे. विमानतळाच्या दालनातच खिडकी आहे आणि यंत्रेही आहेत. कागदी तिकीट नुसते खिशात ठेवून चालत नाही. बसमध्ये चढल्याबरोबर दाराजवळच्या पिवळ्या पेटीत घालून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते, तोवर त्याला किंमत नाही. पूर्वी तुमच्या हातातला पंच जे काम करायचा ते इथे प्रवाशाने स्वतःच्या हाताने करायचे. मेट्रोतही अडवणारे फाटक नाही. साध्या कपड्यांतले तपासनीस अधूनमधून बिल्ला दाखवून तिकीट मागतात, आणि ते नसेल किंवा त्यावर शिक्का नसेल तर दंड भरावा लागतो.

भाड्याचा हिशेबही निराळा आहे. एसटीत सहा किलोमीटरचा टप्पा धरून पैसे आकारले जातात. इथे शहरात वेळ मोजली जाते. नव्वद मिनिटांचे तिकीट घेतले की शिक्का उमटल्यापासून तेवढ्या वेळात बस, मेट्रो, ट्राम कितीही वेळा बदलता येते. मला ही पद्धत अधिक न्यायाची वाटते, कारण गाडी बदलावी लागली म्हणून गरिबाला दुसरे भाडे पडत नाही. पासष्टच्या पुढच्यांना तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. आपल्याकडे पंच्याहत्तरीनंतर एसटी मोफत झाली तेव्हा आजी किती हिंडली होती! इथे असती तर दहा वर्षे आधीच निघाली असती. तरीही वाहक नसणे मला पटलेले नाही. भाषा न कळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कुठे उतरायचे हे ध्वनिमुद्रित आवाज सांगेल, पण तो उतरला की नाही हे बघणार नाही. तुमच्या गाडीत खरांगण्याची बाई झोपली तर तुम्ही तिला हाक मारून उठवत होता. ते काम कोणत्याच पेटीला जमणार नाही.

दादाला एवढेच सांगा. विमानतळावर ‘एअरपोर्ट एक्सप्रेस’ नावाची दुसरीही बस उभी असते. ती मुख्य रेल्वे स्थानकाकडे जाते, तिचे तिकीट वेगळे आणि महाग आहे, आणि शहराचे साधे तिकीट तिच्यात चालत नाही. त्याने ५९ हा आकडा पाहूनच चढावे आणि वेलेस्लावीनला शेवटच्या थांब्यावर उतरावे. जिन्याने खाली आला की फलाटावर मी उभी असेन. मृगाची पेरणी चुकवायची नसेल तर विमानाचे तिकीट त्याने मे महिन्यातलेच पाहावे, आणि कोणते मिळाले ते लगेच कळवावे, म्हणजे मला त्या दिवसाची रजा मागता येईल. आईस नमस्कार, आजीस दंडवत.

आपली,
वैशाली