आई-बाबा, त्या मार्कशीटबद्दल थोडं

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला गेलं की माझा आवाजच बसतो म्हणून लिहितेय. आई, तू बाबांना वाचून दाखव.

रविवारी बाबांनी माझ्या दहावीच्या मार्कशीटचा फोटो पाठवला, लॅमिनेशन करून आणलं म्हणाले, आणि वर "तुमची बॅच लई नशीबवान बघ, पेपर न देता पास". कौतुकानंच म्हणालात बाबा, मला माहितीय. पण तो फोटो बघून मी खूप रडले. कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली, १६ जुलै २०२१ ला निकाल लागला, ९९.९५ टक्के पोरं पास, वेबसाइट उघडता उघडेना, तुम्ही अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते. नववीच्या निकालावरून ५०, दहावीत वर्षभर घेतलेल्या लेखी परीक्षांचे ३० आणि तोंडी-प्रॅक्टिकल-गृहपाठाचे २०, असं जोडून आलेले मार्क. मग अकरावीच्या सीईटीसाठी परत अभ्यासाला बसलो तर ती पण १० ऑगस्टला हायकोर्टानं रद्द केली. ते मार्क माझे आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

पण खरं सांगायचंय ते मार्कांचं नाही.

घरात एकच स्मार्टफोन होता, बाबांचा. कारखाना परत सुरू झाला तेव्हा तुम्ही तो माझ्या ऑनलाइन क्लाससाठी घरी ठेवून मागावर जायला लागलात. त्यामुळे संध्याकाळी एमआयडीसीतून यायला जरा उशीर झाला की माझ्या पोटात गोळा यायचा, फोन करून विचारावं तर फोन माझ्याच हातात. मी पुस्तक उघडून बसायचे आणि कान गल्लीत तुमच्या सायकलकडे. एप्रिलमध्ये शेजारच्या काकांना दवाखान्यात नेलं ते परत आणलंच नाही, त्यानंतर मी रात्री जागून तुमचा खोकला मोजायचे. आई, तुला सांगणार कसं, तू स्वतःच डब्यातले पैसे मोजून परत ठेवायचीस. आणि पंधराव्या वर्षी पोरगी आईबापाला सांगत नाही, मैत्रिणींना सांगते, तर शाळा बंद, त्या जानेवारीत आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रासुद्धा भरली नाही, जिथं दरवर्षी आम्ही पाचजणी पाळण्यात बसून जोरात ओरडायचो. तेवढं ओरडायला मिळालं असतं तरी खूप झालं असतं.

ते अजून गेलेलं नाही. इथं पुण्यात मी रात्री तीनला दचकून उठते, बाबांनी फोन उचलला नाही की हात थरथरतात, म्हणून मी एकावर एक चार कॉल करते आणि तुम्ही चिडता. गेले चार महिने मी कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमकडे जातेय. घाबरू नका, वेडबिड काही लागलेलं नाही. त्या वर्षांत जगभर केलेल्या अभ्यासांत साधारण चारातल्या एका मुलात डिप्रेशनची लक्षणं होती, पाचातल्या एकात अँग्झायटीची. मी एकटी नव्हते, पण मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही हो. २०२१ मध्ये युनिसेफनं विचारलं तेव्हा आपल्या देशात पंधरा ते चोवीस वयाच्या फक्त ४१ टक्के जणांना वाटलं की मनाच्या त्रासासाठी मदत घेणं चांगलं. मी पण तेव्हा बाकीच्यांतच होते.

बाबा, तुम्ही फोन ठेवून गेलात ह्याचा दोष तुम्हाला देतेय असं कृपा करून समजू नका. तुम्ही माझ्यासाठीच केलंत, म्हणून तर तोंड उघडेना.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. आई, शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेव, बाकी काही करू नको. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकू. २०२० च्या मे महिन्यात खाली पत्रा तापायचा म्हणून आपण तिघं वर झोपायचो, आठवतंय? तिघंही जागे असायचो आणि तिघंही झोपल्याचं सोंग करायचो. ह्या वेळी मी सांगेनच, पण बाबा, तुम्ही पण सांगा, तुम्हाला तेव्हा कशाची भीती वाटत होती.

तुमची,
छकुली